पायथ्याचा हिशेब



नाशिकहून देवळा आणि सटाणा ओलांडून ताहाराबाद गाठले, की मोसम नदीच्या खोऱ्यात आपण शिरतो. डाळिंबाच्या बागा, कांद्याची आणि मक्याची शेते मागे पडू लागतात आणि सेलबारीच्या डोंगररांगेवर मांगी व तुंगी ही दोन शिखरे दिसू लागतात. गाडीतील वडीलधारी माणसे हात जोडतात. यातील मांगी कोणती आणि तुंगी कोणती, यावर मुलांचा वाद सुरू होतो. मुख्य रस्ता सोडून गाडी डोंगराकडे वळते. थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काही घरे, चहाच्या टपऱ्या, लिंबू-सरबताच्या गाड्या आणि आधाराच्या काठ्या विकणारी पोरे दिसतात. आपण एकमेकांस म्हणतो, "आला पायथा."

त्या पायथ्यास नाव आहे. ते गाव भिलवाड. सिद्धक्षेत्राची वंदना अनेकदा केलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांना हे नाव सांगता येणार नाही, आणि त्यात काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही होतो. आज शिखरांविषयी थोडे आणि या पायथ्याविषयी अधिक लिहावयाचे आहे.

मांगीतुंगीचे माहात्म्य या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील आणि नव्व्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. बलभद्रांनी येथे तप केल्याचीही परंपरा सांगितली जाते. दोन्ही शिखरे चार हजार तीनशे फुटांहून उंच असून पायऱ्यांची संख्या साडेतीन हजारांच्या घरात आहे. १९९६ साली गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने अखंड पाषाणातील भगवान ऋषभदेवांच्या मूर्तीचा संकल्प झाला. १०८ फूट उंचीच्या त्या मूर्तीची प्रतिष्ठा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद येथील विश्वशांती अहिंसा संमेलनास उपस्थित राहिले. या मूर्तीस अहिंसेचे प्रतीक म्हणून जगभर ओळखले जाते. लेखाच्या शेवटी मला याच शब्दाकडे परत यावयाचे आहे.

हा मुलूख एके काळी राजमार्गावरचा होता. बागुल राजांचे बागलाण, मुल्हेर ही त्यांची राजधानी आणि सुरतेच्या बंदरातून दख्खनकडे येणारा माल याच डोंगरांच्या खिंडींतून जात असे. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण मोगल राज्यास जोडले. १६७२ मध्ये साल्हेरच्या मैदानात मराठ्यांनी मोगल सैन्याचा पराभव केला. राज्यकर्त्यांना हा प्रदेश हवा होता, याचे एक मोठे कारण येथून जाणारा व्यापारी मार्ग हेच होते. ज्या वाटेने माल जातो त्या वाटेवर पाणी पाजणारा, बैलांना चारा देणारा, रात्रीचा आसरा देणारा कोणीतरी लागतो. रस्त्याकाठच्या वस्त्या अशाच जन्मास येतात.

आपली घराणी तरी वेगळ्या रीतीने कोठे उभी राहिली? आपले पणजोबा मारवाडातून, गुजरातेतून किंवा दक्षिणेकडून निघाले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे पहिले दुकान अशाच एखाद्या रस्त्याच्या वळणावर होते. मीठ, गूळ, तेल, काडेपेटी आणि कापडाचे चार तागे एवढाच माल. गिऱ्हाईक थांबले तर चूल पेटावयाची. पुढे बाजारपेठेत पेढी झाली, पक्के घर झाले, मुले शिकली. रस्त्याच्या कडेला बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, याची आठवण आपल्या रक्तात असावयास हवी.

भिलवाडसारख्या वस्तीचा ताळेबंद मांडणे अवघड नाही. पावसाळ्यात भात, नागली, मका यांची शेती. डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे सुगी संपल्यावर मजुरीसाठी द्राक्षबागांकडे उतरतात. जी घरे मागे राहतात, त्यांना यात्रेकरूंचा आधार असतो. हा आधार रविवार, सुट्ट्या आणि पर्वाचे दिवस यांपुरता असतो, बाकीचा आठवडा टपरीवाला रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसतो. बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापलेली असते, तिच्यात त्याचा वाटा नाममात्र. चहा, सरबत आणि काठी यांतच काय ते सुटते. पाऊस लागला, गाड्या आल्या नाहीत, की आणलेली केळी काळी पडतात आणि उधारीवर उचललेल्या मालाचे पैसे मात्र चुकवावेच लागतात. माल नाशवंत, गिऱ्हाईक अनिश्चित, भांडवल उसने! बँकेतील नोकरीत मी कर्जाचे असंख्य अर्ज वाचले. कागदावर इतका जोखमीचा दिसणारा धंदा फार क्वचित पाहिला, आणि इतक्या कमी रकमेसाठी अडून राहिलेला त्याहूनही क्वचित.

या वस्तीतील सर्वांत कष्टाचे काम डोलीवाल्यांचे. लाकडी खुर्ची, तिला बांधलेले दांडे, खांद्यावर पंचाची घडी आणि समोर साडेतीन हजार पायऱ्या. आता यापुढील मजकूर लिहिताना माझा हात थोडा अडखळतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आईने पंचाहत्तरी ओलांडली होती. गुडघे साथ देत नव्हते, पण मांगीतुंगीची वंदना एकदा तरी व्हावी ही तिची इच्छा होती. आम्ही पहाटे पायथ्याशी पोहोचलो. डोलीसाठी चौघे जण पुढे आले. त्यांनी दर सांगितला. मी तो ऐकताच मान हलविली. आयुष्यभर आकड्यांत राहिलेला मनुष्य घासाघीस न करता पैसे देईल तर तो बँकेचा अधिकारी कसला! मी दुसऱ्या गटाकडे वळल्यासारखे केले. शेवटी दोनशे रुपये कमी झाले. त्या चौघांपैकी दोघे तरणे होते. तिसरा मध्यमवयीन, आणि चौथ्याचे केस माझ्यापेक्षा अधिक पांढरे होते. या गोष्टीकडे मी त्या वेळी लक्ष दिले नाही.

चढताना मी डोलीच्या मागे होतो, त्यामुळे त्या चौथ्याची पाठ सतत माझ्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या पाचशे पायऱ्यांनंतर त्याचा सदरा घामाने भिजला. हजारानंतर ते वारंवार थांबू लागले. प्रत्येक थांब्यावर बाकीचे तिघे पाणी पीत, पण तो दांड्यास टेकून डोळे मिटून उभा राही. आईच्याही ते ध्यानात आले असावे. एका थांब्यावर ती म्हणाली, "दादा, मी थोडी चालते." तो म्हणाला, "बसा आई, तुम्हांला वर नेणं हेच आमचं काम." ती तरीही उतरली आणि माझा हात धरून वीस-पंचवीस पायऱ्या चढली. गुडघे ऐकेनात, म्हणून पुन्हा डोलीत बसली.

दर्शन झाले. दुपारी आम्ही खाली आलो. ठरलेले पैसे मी मोजून दिले. आईने आपल्या बटव्यातून शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि त्या वृद्धाच्या हातावर ठेवल्या. मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "तुझा हिशेब झाला ना? आता माझा होऊ दे."

परतीच्या वाटेवर तिने हा विषय काढला नाही आणि पुढेही कधी काढला नाही. ती आता नाही. त्या वृद्धाचे नाव विचारावयाचे राहून गेले. पुढच्या एका वंदनेच्या वेळी मी पायथ्याशी चौकशी केली, पण नुसत्या वर्णनावरून कोणास ओळख पटली नाही. माझ्या खात्यावरील ही बाकी तशीच राहिली आहे.

निवृत्तीनंतर स्वाध्यायाची सवय लागली, तेव्हा एके दिवशी तत्त्वार्थसूत्रातील अहिंसाणुव्रताच्या अतिचारांपाशी मी थबकलो. अतिचार पाच आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत ही नावे मी घोकली होती. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अन्नपाणी अडविणे, ही आपल्या हातून होतील असे आपणांस वाटत नाही. चौथा अतिचार मात्र साधा आहे. अतिभारारोपण, म्हणजे न्याय्य भाराहून अधिक भार दुसऱ्यावर लादणे. शास्त्रकारांनी ही गोष्ट मारहाणीच्या पंक्तीत बसविली. ओझे जनावराच्या पाठीवर असो वा माणसाच्या खांद्यावर, तत्त्व तेच.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात हा विषय आणखी एका ठिकाणी येतो. परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगताना त्यांनी अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ यांच्या जोडीने अतिभारवहन मोजले आहे. एकच दोष अहिंसेच्या खात्यावरही पडतो आणि अपरिग्रहाच्याही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही दुहेरी नोंद आहे. दुसऱ्याच्या पाठीवर जेव्हा अधिक ओझे चढते, तेव्हा बहुधा आपल्या गाठीस काहीतरी शिल्लक राहिलेले असते. त्या दिवशी माझ्या गाठीस दोनशे रुपये राहिले होते.

येथे कोणी विचारील, मग डोलीत बसूच नये का? मला तसे म्हणावयाचे नाही. डोली बंद झाली तर त्या घरांची चूल मंदावेल. वृद्धांना आणि आजाऱ्यांना वंदना घडविणे ही सेवाच आहे आणि तिचा मोबदला ही प्रामाणिक कमाई आहे. दोष शिरतो तो दर ठरविताना आणि भार ठरविताना. चालू शकणारा मनुष्य हौसेखातर डोलीत बसतो, तेव्हा तो शिरतो. आपल्या वजनास चार खांदे पुरेसे आहेत का, हे न विचारता बसतो, तेव्हाही शिरतो. स्वस्तात येतो म्हणून वयस्क मनुष्य निवडतो, तेव्हा तर उघडच शिरतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे. "ही माणसे नवखा पाहून दुप्पट सांगतात. आपण दिले तर दर बिघडतात." हा आक्षेप खोटा नाही. परंतु भाव लिहिलेला नसेल तेथे दोन्ही बाजू ताणणार, हे बाजाराचा अनुभव असलेल्यांना कोणी सांगावयास नको. आपल्याच दुकानांत एके काळी भाव बोलून ठरत असे. पाटी लागली आणि भांडण मिटले. गिरनारच्या पायथ्याशी यात्रेकरूचे वजन करून त्यानुसार डोलीचा दर ठरतो. तशी व्यवस्था असली म्हणजे यात्रेकरूची फसवणूक टळते आणि उचलणाऱ्याच्या खांद्याचाही विचार होतो.

तिसरा विचार मला सर्वांत गंभीर वाटतो. मूर्तीकडे जाण्यासाठी डोंगरात गाडीरस्ता झाला, लहान वाहने वर जाऊ लागली. हजारो वृद्धांना त्यामुळे दर्शन सुलभ झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण गाडी पायथ्याशी थांबली नाही, तर टपरीवाल्याकडे कोण थांबणार? जुलै २०२५ मध्ये साल्हेर किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मोसम खोऱ्यातील या रस्त्यावर गाड्यांची वर्दळ पुढे वाढेल असे दिसते. त्या गाड्यांतून गावाच्या वाट्यास धूळ आणि प्लास्टिकच्या बाटल्याच येणार असतील, तर वर्दळ वाढूनही वस्ती गरीबच राहील.

आपण काय करू शकतो? उपदेश करण्याचा माझा अधिकार वर सांगितलेल्या प्रसंगाने काढून घेतला आहे. म्हणून बँकेच्या टेबलावर शिकलेल्या काही साध्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

पहिली गोष्ट विम्याची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या, बँकेत बचत खाते असलेल्या व्यक्तीस वर्षाकाठी २० रुपयांत अपघात विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास १ लाख रुपये. मुदत १ जून ते ३१ मे अशी असते आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. त्या वेळी खात्यात शिल्लक नसेल, तर विमा खंडित होतो, आणि अनेकांचा विमा अशाच वेळी सुटतो. पायरीवरून पाय घसरणे हा अपघात आहे. चढताना हृदयविकाराने मृत्यू आला, तर तो अपघातात धरला जात नाही. त्यासाठी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. तीत १८ ते ५० या वयात प्रवेश मिळतो, वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास वारसास २ लाख रुपये. एखाद्या मंडळाने मे महिन्यात पायथ्याशी एक दिवस बसून डोलीवाल्यांचे अर्ज भरून घेतले आणि पहिला हप्ता आपल्याकडून भरला, तर एका भोजनाच्या खर्चात कितीतरी घरे सुरक्षित होतील.

दुसरी गोष्ट भांडवलाची. फेरीवाल्यांसाठी २०२० साली आलेली स्वनिधी योजना मुख्यतः शहरांतील विक्रेत्यांसाठी आहे, गावातील टपरीस तिचा आधार सहसा मिळत नाही. २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतील शिशु कर्ज मात्र ५० हजार रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते. स्त्रियांचा बचत गट असेल, तर १९९२ पासून नाबार्डच्या पुढाकाराने चालत आलेली गट आणि बँक जोडणी हाही चांगला मार्ग आहे. अडचण बहुधा अर्ज कसा लिहावा आणि विक्रीची नोंद कशी ठेवावी, येथेच असते. नोंद ठेवणे ही तर आपल्या समाजाची विद्या. आपल्या घरातील एखाद्या वाणिज्य पदवीधर मुलाने किंवा सुनेने यात्रेतील दोन तास टपरीवाल्या भगिनींना रोजमेळ शिकविण्यात घालविले, तर ते ज्ञानदानच ठरेल.

तिसरी गोष्ट खरेदीची. सोवळेपणाने, शोधून, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचे आपले नियम आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. त्यासाठी घरून डबा नेणे योग्यच. परंतु केळी, नारळपाणी, आधाराची काठी यांना कोणता नियम आडवा येतो? या वस्तू नाशिकहून भरून नेण्याऐवजी तेथे घ्याव्यात आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. चौथी गोष्ट त्याहून सोपी. वर नेलेली प्रत्येक बाटली आणि पिशवी खाली आणावी, आणि शक्य तर घरापर्यंत आणावी. डोंगरावर टाकलेले प्लास्टिक गुरांच्या पोटात जाते, मग आपण केलेल्या जीवदयेच्या दानास अर्थ तो काय राहिला?

पाचवी गोष्ट दरपत्रकाची आणि तिचा खर्च सर्वांत कमी. दर, वजनाची मर्यादा आणि किती वजनास किती माणसे, हे मराठी व हिंदीत लिहिलेली ठळक पाटी पायथ्याशी असावी. दर ठरविताना गावकऱ्यांना आणि डोलीवाल्यांना बरोबर घ्यावे. ज्या क्षेत्री अहिंसेची १०८ फूट उंच मूर्ती उभी आहे, त्या क्षेत्री अतिभारारोपणाचा अतिचार कसा टळेल हे सांगणारी चार फुटांची पाटी जड होऊ नये.

जैन प्रतीकाच्या तळाशी जे सूत्र लिहिलेले असते, त्याचा आशय सर्व जीव एकमेकांस उपकारक आहेत असा आहे. आपण ते लग्नपत्रिकेवर आणि दुकानाच्या कॅलेंडरवर छापतो. भिलवाडची माणसे आपल्या वृद्धांना शिखरापर्यंत खांद्यावर नेतात, म्हणजे त्यांचा उपकार रोजच्या रोज आपल्या खात्यावर जमा होत असतो. परतफेडीची नोंद आपण करावयाची आहे.

यंदाच्या वंदनेस जाल, तेव्हा ताहाराबादहून पुढे निघताना घरातील मुलांना त्या गावाचे नाव सांगा. आणि डोलीत आई किंवा वडील बसणार असतील, तर दांडा उचलण्यापूर्वी त्या चौघांची नावे विचारून घ्या. माझ्याकडून ते राहून गेले.

जय जिनेंद्र.